सोवळे आणि पवित्र

‘पवित्र’ हा शब्द मी प्रथम ऐकला तो धर्मग्रंथाच्या नव्हे, स्वयंपाकघराच्या संदर्भात. आमच्या घरी आजीचे सोवळे कडक होते. चुलीपासून काही हातांवर एक अदृश्य रेघ होती आणि ती कोठे आहे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक होते. उंच दांडीवर काठीने वाळत घातलेल्या तिच्या वस्त्राला कोणाचा हात लागला, तर ते पुन्हा भिजवले जाई. ‘पवित्र’ म्हणजे ज्याला हात लावायचा नाही ते, अशी या शब्दाची माझी पहिली व्याख्या होती. पुढे वाङ्मयाच्या अभ्यासात कळले की संस्कृतात ‘पवित्र’ म्हणजे मुळात गाळणी. ऋग्वेदात सोमरस ज्यातून गाळला जाई ते लोकरीचे साधन ‘पवित्र’. श्राद्धादी कर्मांत अनामिकेत घालायचे दर्भाचे वेढणेही ‘पवित्र’च. गाळणीचा धर्म अडवण्याचा. नको ते बाहेर ठेवून हवे तेवढे आत घेण्याचा. बायबलच्या हिब्रूतील ‘कादोश’ या शब्दातही वेगळे काढून ठेवल्याची कल्पना आहे असे भाषाभ्यासक सांगतात. म्हणजे दोन्ही परंपरांत पावित्र्याच्या मुळाशी वेगळेपणाच आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की, वेगळे व्हायचे ते कशापासून, आणि कशासाठी?

ख्रिस्ती माणसाने पवित्र जीवन कसे जगावे याविषयी धर्मोपदेशकांनी विपुल लिहिले आहे. मी धर्मोपदेशक नाही आणि ख्रिस्तीही नाही. मराठी वाङ्मयाचा एक अभ्यासक म्हणून ही कल्पना मला भेटली ती आत्मचरित्रांतून, पत्रव्यवहारांतून, आणि ज्यांनी कधी काही लिहिले नाही अशा दोन-तीन माणसांच्या वागण्यातून. त्यामुळे या लेखात सिद्धान्त थोडा आणि माणसे अधिक येणार आहेत. तरीही मुळाकडे एकदा पाहावेच लागते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एक वाद आहे. येशूचे शिष्य हात न धुता जेवतात, म्हणून शास्त्री-परूशी त्याला जाब विचारतात. बाहेरून माणसाच्या आत जाणारे काहीही त्याला विटाळवीत नाही, त्याच्या आतून जे निघते तेच त्याला विटाळवते, असा येशूच्या उत्तराचा आशय आहे. पाश्चात्त्य भाष्यकारांना या प्रसंगावर पानेच्या पाने खर्ची घालावी लागतात, कारण अन्नाने माणूस विटाळतो ही कल्पनाच त्यांच्या वाचकाला आधी समजावून सांगावी लागते. मराठी वाचकाला ती गरज नाही. त्याने तो वाद घरात ऐकलेला असतो. त्याच्या आधीच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते. ज्या समाजात ती राहत होती त्याच्या नियमाने तिचा स्पर्श विटाळ करणारा. परंतु येथे विटाळ तिच्याकडून त्याच्याकडे जात नाही, आरोग्य त्याच्याकडून तिच्याकडे जाते. महारोग्यांना केलेल्या स्पर्शाचीही तीच कथा. सोवळ्याची सारी व्यवस्था ज्या गृहीतावर उभी असते, की अशुद्ध हे शुद्धापेक्षा प्रबळ असते आणि एका थेंबाने घडा नासतो, ते गृहीतच येथे उलटे झाले आहे. पावित्र्य नाजूक राहत नाही. ते संसर्गजन्य होते.

हे ऐकायला सोपे वाटते, पण आचरायला अधिक कठीण आहे. सोवळ्याचा एक मोठा सोयीचा गुण असा की ते मोडले तर स्नानाने परत मिळते. डोंगरावरील प्रवचनात पाप हातापासून डोळ्यापर्यंत आणि डोळ्यापासून मनापर्यंत मागे नेले आहे. भावावर धरलेला रागही तेथे खुनाच्या पंक्तीला बसतो. रागाला स्नान नाही. आपल्या संतांनीही अंतरीच्या मळाविषयी हेच परोपरीने सांगितले होते, आणि नारायण वामन टिळक तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचले असे स्वतःच सांगत, ते यामुळेच. १८९३ च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने दिलेला नवा करार त्यांनी वाचावयास घेतला आणि त्या प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या बाप्तिस्म्याची कल्पना पत्नीला नव्हती. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्या दिवसांचे जे वर्णन केले आहे ते ज्याने वाचले आहे, त्याला ‘सत्याच्या शोधासाठी सर्वस्वाचा त्याग’ हे शब्द पुन्हा निर्धास्तपणे वापरता येणार नाहीत. तो त्याग अर्धा टिळकांचा होता आणि अर्धा, न विचारता घेतलेला, लक्ष्मीबाईंचा. पुढची काही वर्षे ताटातुटीत गेली. गंमत अशी की, पतीला संत करून टाकण्याची पुरेपूर संधी असताना लक्ष्मीबाईंनी ती घेतली नाही. टिळकांचा संताप, बाजारासाठी दिलेले पैसे भलत्याच वस्तूवर उधळणे, वाटेल त्याला घरी आणून ठेवणे, हे सारे त्यांनी हसतहसत लिहून ठेवले आहे. चरित्रनायकाला धुऊन-पुसून देव्हाऱ्यात बसवण्याची आपल्याकडील चरित्रलेखनाची रीत पाहता, हे पुस्तक याही अर्थाने सोवळ्याबाहेरचे आहे.

सोवळ्याचा विषय त्या पुस्तकाच्या आरंभापासूनच आहे. लक्ष्मीबाईंच्या मातामहांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही. मग ती मिठासारखी धुतल्यावर नाहीशी होणारी का असेना. हा मजकूर वर्गात वाचताना विद्यार्थी हसतात आणि हसणे साहजिकही आहे. पण त्या मिठाच्या पाण्यात एका भ्यालेल्या माणसाची सारी धडपड आहे. जगाने एकदा घरात शिरून आपले माणूस ओढून नेले, तेव्हापासून जगातले काहीही धुतल्याशिवाय आत येऊ द्यायचे नाही. सोवळे हे पुष्कळदा अहंकाराइतकेच भयाचे अपत्य असते, हे मला धर्मशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा या पहिल्या पानांनी अधिक स्पष्टपणे शिकवले.

अशा घरातून आलेली ही बाई ख्रिस्ती पतीच्या घरी राहावयास आली तेव्हाही आपली चूल वेगळी मांडून राहिली. नंतर एके दिवशी माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न तिने स्वतःलाच विचारला. तो माणसाने केला असे उत्तर मनाने दिले, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला तिची हरकत उरली नाही. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण वाचकाच्या दृष्टीने खरी घटना अगोदरच घडून गेलेली असते. तिला ना प्रवचनाचे निमित्त, ना दृष्टान्ताचे. जातिभेदावर आपल्याकडे शंभर वर्षे जे निबंध लिहिले गेले, त्यांतल्या अनेकांपेक्षा या साध्या प्रश्नोत्तराचे वजन अधिक आहे, असे माझे मत आहे.

माझ्या आजीपाशी असा प्रश्न कधी आला नाही. तिच्यापाशी आला तो खुब्याचे हाड मोडल्याचा प्रसंग. १९७२ च्या दुष्काळाचे वर्ष, नगर जिल्ह्यातले आमचे गाव, आणि जवळचा दवाखाना मिशनचा. तेथे तिला तीन आठवडे खाटेवर उताणे पडून राहावे लागले. पाणी पाजणे, अंग पुसणे, आणि ज्यांचा उच्चार आमच्या घरी होत नसे अशी सारी कामे एक ख्रिस्ती परिचारिका करी. पन्नाशीची, सावळी, कमी बोलणारी बाई होती. आजी पहिले दोन दिवस डोळे मिटून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी तिने त्या बाईंचे निरीक्षण सुरू केले. बाई प्रत्येक वेळी कामाआधी हात धूत आणि कामानंतरही धूत. आजीच्या लेखी ही ओळखीची खूण होती. तिने विचारले, “तू इतकी हात धुतेस ती मला शिवलीस म्हणून?” बाई म्हणाल्या, “नाही आजी. आधी धुते ते तुमच्यासाठी, नंतर धुते ते पुढच्या खाटेवरच्या माणसासाठी.” आजी यावर काही बोलली नाही. घरी आल्यावर तिचे सोवळे पूर्ववत सुरू झाले. माणसे एका वाक्याने बदलतात असे कादंबरीत घडते. मात्र त्या बाईंविषयी कोणी वावगे बोलले की ती म्हणे, “तिचं सोवळं दुसऱ्यासाठी होतं.” आपल्या देशात रुग्णसेवेचा हा व्यवसाय दीर्घकाळ मुख्यतः ख्रिस्ती स्त्रियांच्या हाती राहिला, याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. पराक्याच्या मलमूत्राला हात लावणे ज्या समाजाला सर्वांत मोठा विटाळ वाटत होता, तेथे ते काम कोणीतरी पवित्र मानावयाचे होते.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात ही गोष्ट आणखी गुंतागुंतीची होऊन येते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आध्यात्मिक माता मानल्या गेलेल्या सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांच्यातील पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. आज्ञापालन हा ख्रिस्ती जीवनाचा पाया आहे असे सिस्टरांचे म्हणणे. आपण ख्रिस्ताची आज्ञा स्वीकारली आहे, धर्माधिकाऱ्यांच्या प्रत्येक मताची नव्हे, असा रमाबाईंचा पवित्रा. वाद त्रैक्याच्या सिद्धान्तावर होता, तसा पुडिंगमधल्या अंड्यावरही होता. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती संस्कृत का नसावीत, असेही त्यांनी विचारले. वाँटेजला यात जुन्या जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. तो अगदीच नव्हता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण एका देशाच्या जेवणाच्या टेबलाचे नियम हेच पावित्र्याचे नियम, ही समजूत तरी सोवळ्याहून कितीशी वेगळी होती? चूल बदलली, रेघ राहिली. रमाबाईंनी ती रेघ ओळखली, कारण त्यांचे बालपण अशाच रेघांमध्ये गेले होते.

ज्या गोष्टीने त्यांना ख्रिस्ताकडे खरोखर ओढले ती त्यांनी १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनात सांगितली आहे. लंडनजवळ फुलहम येथे वाँटेजच्या भगिनी, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत. त्या स्त्रियांशी भगिनी ज्या मायेने वागत ते पाहून रमाबाई चकित झाल्या. कारण विचारले असता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील, विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीला पटले ते तत्त्वज्ञान नव्हे, एका विहिरीवरचे संभाषण. परजातीच्या, बदलौकिक झालेल्या बाईकडे पिण्यासाठी मागितलेले पाणी. पुढे केडगावला ‘मुक्ती’चा विस्तार झाला तेव्हा अशाच स्त्रियांसाठी त्यांनी ‘कृपासदन’ उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या. उवा, खरूज, भुकेने गेलेली रया यांसह आणल्या. १९०५ साली केडगावला जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्यातील अश्रू, आक्रंदन आणि अग्नीसारखा भासणारा आत्म्याचा अनुभव यांची वर्णने भाविकांना प्रिय आहेत. मी ती आदराने वाचतो, पण माझे मन तेथील तेलाच्या घाण्यापाशी, मागांपाशी आणि छापखान्यापाशी अधिक रमते. मूळ हिब्रू-ग्रीकवरून रमाबाईंनी केलेला बायबलचा साधा मराठी अनुवाद त्या छापखान्यात त्याच मुलींनी खिळे जुळवून छापला. कालपर्यंत ज्यांची सावली नको होती, त्यांच्या हातून धर्मग्रंथ तयार होत होता.

येथपर्यंतची मांडणी मी हैदराबादेत मराठी शिकवताना अनेक वर्षे वर्गात करीत असे. ख्रिस्ती पावित्र्य म्हणजे सोवळ्याचा त्याग, स्पर्शाचा स्वीकार. उदाहरणे लक्ष्मीबाई आणि रमाबाई. एका वर्षी जालन्याकडचा एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. त्याच्या भागाला ख्रिस्ती धर्माचा जुना इतिहास आहे. १८४३ साली ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली, तो मुलूख तेव्हा निजामाचा होता. हा विद्यार्थी मितभाषी होता. तो म्हणाला, “सर, लक्ष्मीबाईंकडे सोडायला सोवळं होतं. माझ्या पणजोबांकडे सोडायला काय होतं?”

या प्रश्नाने विषयाची दुसरी बाजू उघडली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतून आले. आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मय म्हणून आपण जे शिकवतो, त्यातील ठळक नावे बहुतेक ब्राह्मण घरांतून आलेली आहेत. एका चर्चमध्ये, एकाच बाकावर, दोन विरुद्ध दिशांनी चालत आलेली माणसे बसली होती. एकाने पवित्र होण्यासाठी शुद्धता टाकायची होती. दुसऱ्याला, ती त्याला शतकानुशतके नाकारली गेल्यामुळे, प्रथमच मिळवायची होती. मृत जनावराचे मांस सोडा, दारू सोडा, तमाशा सोडा, गावकीची हलकी कामे सोडा, मुलांना शाळेत घाला, रविवारी स्वच्छ कपडे घाला, अशी मिशनची शिकवण होती. शहरी, सुखवस्तू टीकाकाराला ही यादी कोरड्या नीतिनियमांची वाटते. परमेश्वराच्या कृपेविषयी बोलायचे सोडून हे लोक कपड्यांविषयी का बोलतात, असा प्रश्न त्याला पडतो. तो विद्यार्थी हसून म्हणाला होता, “आमच्या घरात पवित्र म्हणजे इस्त्री.” त्याची आई शनिवारी रात्री कोळशाची इस्त्री तापवून चौघा भावंडांचे कपडे तयार ठेवी, आणि त्या कपड्यांतली मुले गावातून चर्चकडे निघाली की काही घरांच्या ओट्यांवर कुजबुज होई. ज्याला गावाने ‘अमंगळ’ म्हटले, त्याने रविवारी सकाळी पांढरा सदरा घालून गावाच्या मधोमध चालत जाणे, ही नीतिनियमांच्या कोरड्या यादीत बसणारी गोष्ट नाही.

अर्थात याही वाटेवर धोका होता. यादी पाळणारा न पाळणाऱ्याकडे नाक मुरडू लागतो; दारू पिणाऱ्या भावाच्या घरी जाणे-येणे बंद होते; मंडळीत नवे सोवळे तयार होते. जुन्या जातींचे विटाळही बाप्तिस्म्याच्या पाण्याने सर्वत्र धुऊन गेले असे नाही. प्रभुभोजनात सर्वांनी एकच भाकर आणि एकच प्याला वाटून घ्यावयाचा. ‘उष्टे’ या शब्दाचे वजन ज्याला ठाऊक आहे त्यालाच ही परीक्षा किती अवघड होती ते कळेल. आणि बाहेरच्या जगाने तर तो विटाळ कधी विसरूच दिला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले, ते आजही आहेत. कायद्याच्या कागदावर त्यांची जात गेली. पाणवठ्यावर ती होतीच.

टिळकांना अखेरच्या काळात या कुंपणांचा वीट आला असावा. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून प्रवेश होता. ९ मे १९१९ रोजी ते गेले, आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. काही वाचकांना ही त्यांच्या जीवनाची परिपूर्ती वाटते. मला ती एका अधीर, उदार माणसाची अपुरी राहिलेली ओळ वाटते. ‘ख्रिस्तायन’ही त्यांनी असेच अपुरे ठेवले होते, आणि तेही शेवटी लक्ष्मीबाईंनाच पुरे करावे लागले.

पवित्र जीवनाचे उदाहरण म्हणून कोणाचे नाव घेशील, असे मी त्या विद्यार्थ्याला पुढे एकदा विचारले. त्याने टिळकांचे घेतले नाही आणि रमाबाईंचेही नाही. त्याने आजोबांविषयी सांगितले. ते शाळेत शिपाई होते. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, अशी मत्तयाच्या शुभवर्तमानात आज्ञा आहे. आजोबांनी ती शब्दशः घेतली होती. महिन्याच्या ज्या रविवारी प्रभुभोजन असे, त्याच्या आदल्या संध्याकाळी ते गावात निघत. त्या महिन्यात ज्याच्या-ज्याच्याशी वाद झाला असेल त्याच्या दारी जाऊन, चूक कोणाचीही असो, दोन शब्द बोलून येत. एकदा बांधाच्या पाण्यावरून एका मातब्बर शेजाऱ्याशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले. पाणी वळवले होते त्या शेजाऱ्यानेच. शनिवारी आजोबा नातवाचा हात धरून त्या घरी गेले. ओट्यावर चढण्याची रीत नव्हती, म्हणून अंगणातच उभे राहिले. “दादा, माझ्या तोंडून वाकडं गेलं, मनात ठेवू नका,” एवढे म्हणाले. शेजाऱ्याने मान हलवली. दोघे परत फिरले आणि फाटकाबाहेर पडतात तोच, ते उभे होते त्या जागेवर पाणी शिंपडल्याचा आवाज मागून आला. नातवाने वळून पाहिले. आजोबांनी पाहिले नाही. त्यांना अजून एका घरी जायचे होते.